पळणाऱ्या, सायकलवाल्या, ट्रायथलॉनवाल्या माणसाला गिफ्ट काय द्यायचं? एकेक पायरी, नीट

मॅरेथॉन पळणारा, लांबलांबच्या राइड करणारा किंवा ट्रायथलॉनच्या मागे लागलेला माणूस घरात असला की सुट्ट्यांच्या दिवसांत हा प्रश्न येतोच, याला द्यायचं तरी काय. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सोपं आहे, खेळाचंच काहीतरी घेऊन टाकू, खूश होईल. पण ही मंडळी आपल्या सामानाच्या बाबतीत फार पक्की असतात, कुठले मोजे, पळताना खायची कुठली एनर्जी जेल, शूजचं कुठलं व्हर्जन, सगळं ठरलेलं, त्यामुळे मनापासून घेतलेली महाग वस्तू कपाटात पडून राहते आणि अगदी साधी वाटणारी वस्तू वर्षभर रोज हातात असते. माझी बहीण ट्रायथलॉन करते, मित्रांत पळणारे भरपूर, त्यामुळे हे दोन्ही प्रकार मी जवळून बघतो. त्यावरून माझं पक्कं मत झालंय की जे अंगाला बसावं लागतं ते विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, आणि जे झिजतं, संपतं, हरवतं ते बिनधास्त घ्यायचं, फक्त आधी नीट बघून.

पायरी १: आधी त्यांचं सामान बघा, खरेदी नंतर

पहिलं म्हणजे तो माणूस नक्की करतो काय ते कळू दे. रोडवर ४२.१९५ किमीची मॅरेथॉन पळणाऱ्याच्या गरजा वेगळ्या, डोंगरात रात्रभर चालणारी अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनपेक्षाही लांबची रेस, पळणाऱ्याच्या वेगळ्या. आयर्नमॅन अंतराचं ट्रायथलॉन म्हणजे ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन, तिथे तर तीन खेळांचं सामान आणि तिन्हीचे वेगळे हट्ट. हेडलॅम्प अल्ट्रावाल्याला सोन्यासारखा, पण जो नेहमी उजेडातच पळतो त्याच्या तो काय कामाचा.

मग तो माणूस घरात नसताना थोडी टेहळणी करा, फोनमध्ये फोटो काढून ठेवा. पळायचे शूज उचला आणि जीभ बाहेर ओढून तिच्या आतलं लेबल बघा, तिथे यूएस, यूके, ईयू आणि सेंटिमीटर असे सगळे साइज लिहिलेले असतात, बऱ्याचदा मॉडेलचा कोडही असतो. साइज लिहून घेताना यूएस की यूके तेही लिहा, कारण दोन्हींत फरक असतो आणि नुसता आकडा लक्षात ठेवला की हमखास घोळ होतो. सोल उलटा करून बघा, रबर घासून आतला फोम दिसायला लागलाय का. रोजच्या ट्रेनिंगचा शूज साधारण ५०० ते ८०० किमी चालतो असं धरतात, म्हणजे आठवड्याला ५० किमी पळणाऱ्याचा जोड तीन-चार महिन्यांत म्हातारा होतो.

सायकल असेल तर टायरच्या कडेला कोरलेला आकडा बघा, ७०० गुणिले २८ असं काहीतरी असेल, त्यावरून ट्यूबचा साइज कळतो. व्हॉल्व्ह बारीक, टोकाला छोटी चकती असलेला प्रेस्टा आहे की गाडीच्या टायरसारखा जाड श्रेडर, तेही बघा. रिम खोल असेल तर व्हॉल्व्ह लांब लागतो, ६० किंवा ८० मिमीचा, आखूड आणला तर पंपच लागत नाही. टायर ट्यूबलेस निघाले तर त्यांना ट्यूब नको, आतून भोक बुजवणारं सीलंट लागतं. एवढं सगळं एका फोटोत मावतं, तो फोटो सायकल दुकानातल्या माणसाला दाखवला की तो बरोबर वस्तू काढून देतो.

घड्याळ कुठल्या कंपनीचं, जेलची रिकामी पाकिटं कुठल्या ब्रँडची आणि कुठल्या फ्लेवरची, चाफिंगची (कापड घासून कातडी सोलू नये म्हणून लावायची) स्टिक संपत आलीय का, हेडफोनची वायर टेपने बांधलीय का, हे सगळं टिपून ठेवा. आणि ऐका. ही माणसं स्वतःच सांगत असतात, "दस्ताने फाटले यार," "या पंपाचा काटा बिघडलाय", आपलंच लक्ष नसतं.

पायरी २: स्वतःच्या मनाने काय घ्यायचं नाही

शूज, सायकलची सीट, सायकलिंगची बिब शॉर्ट (खांद्यावर पट्टे असलेली चड्डी), वेटसूट, ट्रायसूट, पळायची वेस्ट (पाण्याच्या बाटल्या ठेवायचं बिनबाह्यांचं जाकीट), हेल्मेट. या यादीतलं काहीही सरप्राइज म्हणून घेऊ नका. सीटचंच बघा, बसायच्या दोन हाडांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं, दुसऱ्याला आवडलेली सीट याला तासाभरात रडवू शकते. वेस्टचा साइज छातीच्या मापावर असतो, ती सैल झाली की पळताना बाटल्या उड्या मारतात आणि घट्ट झाली की श्वास अडतो. कॉम्प्रेशन सॉक्सचं माप बऱ्याच कंपन्या पोटरीच्या घेरावर देतात, बुटाच्या नंबरावर नाही, हे लोकांना माहितीच नसतं.

शूजच द्यायचेत असं मनात पक्कं असेल तर एकच सुरक्षित रस्ता आहे, जे आत्ता चालू आहेत तेच मॉडेल, तोच साइज, तीच रुंदी, आणि शक्यतो तेच व्हर्जन. कंपन्या दर वर्ष-दीड वर्षाने त्याच नावाचा नवीन शूज काढतात, पुढचा आकडा बदलतो, आणि आत फोम, टाचेची उंची, पंजाची जागा बदललेली असू शकते. म्हणून नवीन व्हर्जन बाजारात आलं की जुनं सवलतीत मिळतं तेव्हा पळणारे दोन-दोन जोड उचलून ठेवतात. तुम्हाला ते जुनं व्हर्जन बरोबर साइजमध्ये सापडलं तर डोळे झाकून घ्या, यापेक्षा मोठा आनंद नाही! रंग आवडला नाही तरी चालतं त्यांना.

कार्बन प्लेटचे रेसिंग शूज मात्र नकोच. ते महाग, फोम हलका आणि बहुतेक वेळा आयुष्य कमी, आणि कुणाला ते मानवतात कुणाच्या पोटऱ्या धरतात, हा निर्णय त्या माणसाचा आणि त्याच्या कोचचा.

पायरी ३: जे संपतं आणि झिजतं तिथे हात मोकळा सोडा

माझ्या मते खरी गिफ्ट इथेच आहेत, आणि लोक नेमकी हीच पायरी ओलांडून पुढे जातात, "मोजे काय द्यायचे गिफ्ट म्हणून" असं म्हणत. अहो, चांगले पळायचे मोजे द्या आणि बघा. कॉटन नाही, कॉटन घाम धरून ठेवतं आणि ओल्या कापडाने फोड येतात, मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक धाग्याचे घ्यायचे. बोटांमध्ये फोड येत असतील तर प्रत्येक बोट वेगळं असलेले टो सॉक्स बघा, घालायला वेळ लागतो पण अल्ट्रावाले त्याच्यावर जीव टाकतात. एक जोड नाही, तीन-चार जोड एकसारखे द्या, कारण आठवड्यात पाच-सहा दिवस पळणाऱ्याचे मोजे कायम धुवायला पडलेले असतात.

चाफिंगची स्टिक म्हणजे दुसरं हमखास. मांड्या, काखा, बनियनची किनार, स्पोर्ट्स ब्राचा पट्टा, जिथे कापड घासतं तिथे चार तासांनी कातडी सोलून निघते, आणि नंतर आंघोळीला पाणी लागलं की माणूस किंचाळतो. छोटी स्टिक रेसच्या बॅगेसाठी आणि मोठी घरासाठी, दोन्ही द्या.

रेस बेल्ट द्या, ज्याच्यावर बिब, म्हणजे रेसच्या नंबराचा कागद, लावता येतो आणि टी-शर्टला सेफ्टी पिनची भोकं पडत नाहीत. ट्रायथलॉनवाल्याला तर तो लागतोच, सायकलवर बिब मागे आणि पळताना पुढे फिरवायचा असतो. मेरिनोचा गळपट्टा, पातळ ग्लव्हज, घाम पुसायला मनगटाचा बँड, टोपी, हे सगळं हरवणाऱ्या जातीचं सामान, कितीही असलं तरी कमीच.

सायकलवाल्याकडे तर झिजणाऱ्या वस्तूंची खाणच असते. चेन वेअर चेकर नावाची एक छोटी धातूची पट्टी मिळते, चेनच्या दोन कड्यांमध्ये घालून बघायची, ती आत पडली की चेन ताणली गेलीय. ११ किंवा १२ स्पीडच्या (मागे तेवढे गिअर असलेल्या सायकलच्या) चेनला ०.५ टक्के ताण आला की ती बदलायची असा साधारण नियम आहे, कारण ताणलेली चेन पुढे कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचे, दात खाते आणि कॅसेट चेनपेक्षा कितीतरी महाग पडते. बहिणीच्या सायकलच्या डब्यात ही पट्टी आहे, दर दोन-तीन आठवड्यांनी ती सायकल भिंतीला टेकवते, पट्टी चेनवर ठेवते, वाकून बघते, आणि पट्टी वरच राहिली की तिच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं ते बघण्यासारखं असतं. इतकी छोटी वस्तू, पण कित्येक जणांकडे नसते.

चेन ल्यूब घेताना कोरड्या हवेचं ड्राय ल्यूब आणि पावसा-चिखलाचं वेट ल्यूब असे दोन प्रकार असतात, तो माणूस चेनला तेलाऐवजी वॅक्स (मेण) करत असेल तर मात्र दोन्ही नको, वॅक्सवाले आपल्या चेनला तेलाचा थेंब लागू देत नाहीत. प्रेशर दाखवणारा उभा फ्लोअर पंप, चांगला मल्टिटूल, टायर लिव्हर, पंक्चर पॅच, दोन ट्यूब, मागचा लाल लाइट, यातलं जुनं झालेलं काहीही बदलून दिलं तर वापरलं जाणारच. टायरमध्ये झटपट हवा भरायची सीओटूची काडतुसं देणार असाल तर ती विमानात न्यायला विमान कंपनीची परवानगी लागते, काही ठिकाणी नेऊच देत नाहीत, म्हणून बाहेरगावी रेस असलेल्याला छोटा हातपंप बरा.

पोहणाऱ्यांचं थोडक्यात सांगतो. सिलिकॉनची कॅप द्या, लॅटेक्सची ॲलर्जी असू शकते. गॉगल अंगाला बसायच्या यादीतलाच, तरी त्यांचं चालू मॉडेल माहीत असेल तर त्याचाच दुसऱ्या काचेचा जोड द्या, उन्हातल्या ओपन वॉटरला (तळं, नदी, समुद्र) मिरर काच, इनडोअर पूलला किंवा पहाटेला क्लिअर. ओपन वॉटर पोहणाऱ्याला कमरेला बांधायचा भडक रंगाचा टो फ्लोट (मागे तरंगत येणारा फुगा) नसेल तर तोच घ्या, दुसरं काही नको, बोटवाल्यांना आणि किनाऱ्यावरच्यांना माणूस दिसतो.

पायरी ४: खाण्यापिण्याच्या वस्तूंमध्ये जपून

जेल, ड्रिंक मिक्स, सॉल्ट कॅप्सूल छान गिफ्ट आहे, पण फक्त तोच ब्रँड आणि तोच फ्लेवर जो ते आधीपासून खातात. रेसच्या दिवशी नवीन काही करायचं नाही हा या लोकांचा पहिला नियम, आणि त्याला कारण आहे. लांब रेसमध्ये तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब, आणि अडीच-तीन तासांच्या वर गेलं तर ९० ग्रॅमपर्यंत घ्यायला सांगतात, पण एकट्या ग्लुकोजचं आतड्यातून शोषण तासाला साधारण ६० ग्रॅमला अडतं, म्हणून जास्त हवं असेल तर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिसळलेलं लागतं, आणि पोटाला ते महिनोन्‌महिने शिकवावं लागतं. त्या मेहनतीत मध्येच वेगळं मिश्रण घुसलं की ३० व्या किलोमीटरला पोट बंड करतं.

एका जेलमध्ये साधारण २० ते ३० ग्रॅम कार्ब असतात, काहींत ४०. म्हणजे मॅरेथॉनच्या एका ट्रेनिंग ब्लॉकमध्ये किती लागतील याचा हिशोब करा, आख्खा खोका दिला तरी संपतो. कॅफिनवाली जेल आहे का ते पाकिटावर बघा, काही जणांना त्याने धडधड होते, संध्याकाळी पळणाऱ्याची झोप जाते. एक्सपायरी डेट बघायची विसरू नका, सेलमध्ये मिळणाऱ्या खोक्यांची तारीख बऱ्याचदा जवळ आलेली असते.

सप्लिमेंट मात्र गिफ्ट म्हणून देऊच नका. प्री-वर्कआउट पावडर, "रिकव्हरी बूस्टर," हर्बल गोळ्या, यांच्यात लेबलवर नसलेलं काहीतरी सापडल्याची उदाहरणं आहेत, आणि वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या) नियमांत स्ट्रिक्ट लायबिलिटी आहे, म्हणजे शरीरात बंदी असलेला पदार्थ सापडला की तो कसा आला, कुणी दिला, मुद्दाम घेतला की नकळत, याने नियमभंग पुसला जात नाही. डोपिंग टेस्ट होऊ शकणाऱ्या लेव्हलवर कुणी खेळत असेल तर तुमच्या प्रेमाच्या डब्याने त्याचं करिअर अडकू शकतं. अशा खेळाडूला साधी प्रोटीन पावडर द्यायची असली तरी इन्फॉर्म्ड स्पोर्ट किंवा एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्टचा शिक्का असलेलीच द्या, तीही विचारून.

पायरी ५: गॅजेट घेताना

जीपीएस घड्याळ मोठी गिफ्ट, पण त्या माणसाचा सगळा जुना डेटा एका ॲपमध्ये असतो, गार्मिन वापरणाऱ्याला सुंतो किंवा कोरोस दिलं तर घड्याळ चांगलंच असेल पण त्याला सगळं नव्याने जुळवावं लागेल. म्हणून घड्याळ विचारूनच. अल्ट्रावाल्यासाठी घेताना जीपीएस चालू ठेवून बॅटरी किती तास चालते तेवढाच आकडा आधी बघा, बाकीचे फीचर नंतर.

त्यापेक्षा न विचारता देण्यासारखी वस्तू म्हणजे छातीला बांधायचा हार्ट रेट स्ट्रॅप. मनगटावरचा सेन्सर कातडीतून उजेड टाकून रक्ताची हालचाल मोजतो, थंडीत आणि इंटरव्हलमध्ये (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून पालटून पळताना) तो मागे पडतो, पळणारा चौथा रिपीट जीव तोडून मारतोय आणि घड्याळ अजून १३० दाखवतंय. छातीचा स्ट्रॅप हृदयाचा इलेक्ट्रिक सिग्नल पकडतो त्यामुळे लगेच कळतं. ब्लूटूथ आणि एएनटी प्लस हे बिनतारी जोडणीचे दोन्ही प्रकार असलेला घेतला की जवळपास कुठल्याही घड्याळाला, सायकल कॉम्प्युटरला जुळतो. आधीच असेल तर त्याचा कापडी पट्टा बघा, घामाने खारट होऊन ताण गेलेला असतो, बऱ्याच मॉडेलना नुसता पट्टा वेगळा मिळतो, आणि सोबत बटण बॅटरी, बहुतेकांत सीआर २०३२ लागते. ही गिफ्ट मिळालेला माणूस तुमच्याकडे वेगळ्याच नजरेने बघेल, कारण इतकं बारीक कुणी बघत नाही.

हेडलॅम्प घेताना लुमेनच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. रस्त्यावर पळायला २०० च्या आसपास पुरतो, डोंगराच्या वाटेला ३०० ते ४०० बरा, पण महत्त्वाचं म्हणजे त्या उजेडावर बॅटरी किती टिकते, वजन किती आणि पळताना कपाळावर हलतो का. डोंगरातल्या मोठ्या रेसमध्ये सक्तीचं सामान तपासतात, हेडलॅम्प, शिट्टी, सर्व्हायव्हल ब्लँकेट, वॉटरप्रूफ जॅकेट, आणि जॅकेटला १०,००० मिमीचं वॉटरप्रूफ रेटिंग मागणाऱ्या रेस आहेत. तुमचा माणूस अशा रेसला जाणार असेल तर त्या रेसच्या वेबसाइटवर सक्तीच्या सामानाची यादी असते, ती उघडा, त्याच्याकडे काय नाही ते बघा आणि तेच द्या.

कान मोकळे ठेवणारे बोन कंडक्शन हेडफोन रस्त्यावर पळणाऱ्यासाठी मला फार आवडतात, मागून येणारी गाडी ऐकू येते. रेसमध्ये हेडफोन चालतात की नाही ते ज्या त्या रेसच्या नियमांवर, ट्रायथलॉनमध्ये नाही चालत. फोम रोलर साधाच घ्या, मसाज गन त्यांनी मागितली तर.

इनडोअर सायकल ट्रेनरचा (घरात सायकल लावून जागीच चालवायच्या यंत्राचा) विचार असेल तर घरात जागा, आवाज, आणि सायकलचा कॅसेट किती स्पीडचा हे आधी बघा, नाहीतर वस्तू घरात येईल आणि सायकल त्यावर बसणार नाही. ट्रेनर आधीच असेल तर एक दणकट टेबल फॅन द्या. आत सायकल चालवताना वारा लागत नाही, घामाचं खाली तळं होतं, फॅन समोर आला की तोच वर्कआउट निम्मा सोपा वाटतो.

पायरी ६: वस्तू नसलेली गिफ्ट

बाइक फिट (सायकल अंगाच्या मापाला जुळवून घेणं), फिजिओकडे एक सेशन, स्पोर्ट्स मसाज, कोचबरोबर एक महिना, घामातलं सोडियम मोजणारी स्वेट टेस्ट, हे पैसे लोक स्वतःवर पटकन खर्च करत नाहीत आणि फायदा सगळ्यात जास्त होतो, विशेषतः बाइक फिटचा, गुडघा किंवा कंबर दुखतेय असं कुणी म्हणत असेल तर. तारीख तुम्ही ठरवू नका, व्हाउचर द्या, कारण रेसच्या आदल्या आठवड्यात कुणी सायकलची सीट हलवत नाही.

रेसची एंट्री देताना सावध राहा. बहुतेक मोठ्या रेसमध्ये एंट्री दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, रजिस्ट्रेशन त्याच माणसाने करावं लागतं. बोस्टनला बहुतेकांना वय आणि लिंगानुसार ठरलेल्या वेळेच्या आत आधी मॅरेथॉन पळलेली असावी लागते, लंडन, टोकियोसारख्या ठिकाणी मुख्यतः लॉटरी. मेजर्समध्ये, म्हणजे जगातल्या मोठ्या मॅरेथॉनच्या मालिकेत, २०२५ पासून सिडनी धरून सात शहरं झाली, आणि ही सातही करायचं मनात असलेल्या माणसाला एंट्री नाही, तिथे जायचं तिकीट किंवा दोन रात्रींची राहायची सोय द्या, तीही एंट्री पक्की झाल्यावर.

आणि वेळ. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांना लाँग रनची सकाळ मिळवायला किती कसरत करावी लागते ते बघा, दर लाँग रनला अपराधी वाटून घेत घराबाहेर पडतात. "पुढचे दोन महिने रविवारी सकाळी पोरं माझ्याकडे" असं एका कागदावर लिहून दिलंत तर कुठल्याही घड्याळापेक्षा ते मोठं आहे, फक्त लिहिलं की पाळायचं. रेसच्या दिवशी २५ व्या आणि ३५ व्या किलोमीटरला त्यांची बाटली घेऊन उभं राहणं, आधी विचारून की रेसमध्ये बाहेरची मदत चालते का, हेही तसंच. लांब राइडला मागून गाडी घेऊन जाणं, अल्ट्रामध्ये रात्री क्रू (मदतनीस) म्हणून जागणं, हे ज्यांना जमेल त्यांनी जरूर द्या.

पायरी ७: कधी द्यायचं, कसं द्यायचं

रेस सुट्ट्यांच्या लगेच नंतर असेल तर खेळातली वस्तू आठ-दहा आठवडे आधीच द्या किंवा सरळ रेस झाल्यावर. टेपरमध्ये, म्हणजे रेसच्या आधी ट्रेनिंग कमी करतात त्या दिवसांत, माणूस आधीच हळवा झालेला असतो, नवीन शूज समोर आले की वापरू का नको करत बसतो. ऑफ-सीझन असेल तर उलट मजा आहे, नवीन गोष्टी करून बघायला हाच वेळ.

बजेट कमी असेल तर एका महाग वस्तूच्या स्वस्त नकलेपेक्षा साध्या वस्तूंतली उत्तम वस्तू घ्या, स्वस्त घड्याळापेक्षा भारी मोजे. चार-पाच जण मिळून देत असाल तर एकाने पुढाकार घेऊन त्या माणसालाच मॉडेल विचारा, सरप्राइज गेलं तरी चालेल, मोठ्या वस्तूत बरोबर मॉडेल जास्त महत्त्वाचं.

पावती डब्यातच ठेवा आणि बदलून मिळायची मुदत किती दिवसांची ते खरेदी करतानाच विचारा, कारण आधी घेऊन ठेवलेल्या गिफ्टची मुदत देण्याआधीच संपते. शूज असतील तर देतानाच सांगा की आधी घरात, स्वच्छ फरशीवर घालून बघ, एकदा का सोलला रस्त्याची माती लागली की बरेच विक्रेते ते परत घेत नाहीत.